सोनायच्या तोंडातलं नाव

सोनाय जिवंत माणसाचं नाव कधी घेत नसे. मला ती 'शालेकऱ्या' म्हणे, कारण बाळकुमातून चालत ठाण्याच्या शाळेत जाणारा मी एकटाच होतो. माझा काका बोलण्याआधी घसा खाकरायचा, म्हणून तो 'खाकऱ्या'. माझी आई 'हिरव्या बांगडीची'. बाप डावखुरा होता, वल्हंदेखील डाव्या हाताने मारायचा, म्हणून 'डावऱ्या'. गावच्या पाटलालाही तिने सोडलं नव्हतं, पण त्याला ती काय म्हणे ते इथे लिहिण्यासारखं नाही. कुणाला याचा राग येत नसे. उलट तिच्या तोंडून चुकूनही आपलं खरं नाव निघू नये म्हणून सगळं गाव देव पाण्यात घालून बसलेलं असे.

सोनाय आमची धवलारीण होती. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भट आला नाही तर चालेल, पण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायला धवलारीण पाहिजेच. हळदीच्या दिवशी ती मांडवात बसे आणि धवल्यातून एकेकाला बोलावून घेई. आधी गावदेवी, मग वेताळ, मग घरातले मेलेले लोक, एकेक करून, नावानिशी. प्रत्येक नावाला ती तांदळाची एक चिमूट समोरच्या सुपात टाकी. मग जिवंत पाहुण्यांचं बोलावणं. त्यांना नाव नसे, नुसती हाक असे, आणि त्यांचे तांदूळ ती मांडवाच्या दाराकडे उधळी. एखादा मेलेला बोलवायचा राहिला तर तो रुसतो आणि नव्या नवरीला झोंबतो. जिवंताचं नाव मेलेल्यांत आलं तर तो वर्ष काढत नाही. आणि सुरू झालेला धवला मध्येच थांबवला तर लग्न मोडलंच म्हणून समजा. ही असली शास्त्रं घेऊन आम्ही लहानाचे मोठे झालो.

तिचा आवाज गोड मुळीच नव्हता. किनरा, नाकातला, पण मिठागराच्या पलीकडच्या बांधापर्यंत ऐकू जाणारा. पोरं रडायला लागली तर इतर गावांतल्या आया बागुलबुवाला बोलावत. आमच्या आया म्हणत, "गप ऱ्हा, नायतर सोनाय नाव घेल." मी लगेच गप्प होई. ती वाटेत भेटली तर कमरेच्या गाठीतून भाजलेले चिंचोके काढून माझ्या हातावर ठेवी आणि म्हणे, "भिऊ नको रे शालेकऱ्या. तुजा नाव मना ठावंच नाय." मला तेवढ्यापुरतं बरं वाटे. तिला अजूनही ते ठाऊक झालेलं नाही ना, हे मी दर भेटीत विचारून खात्री करून घेत असे. ती न हसता मान हलवी.

धवला म्हणजे आमच्याकडची बातमीसुद्धा होती. खाडीकाठच्या गावांत कोण गेलं, कोण राहिलं, ते हळदीच्या मांडवात कळायचं. आमच्या शेजारची एक सून दिवा गावी मामाच्या घरी लग्नाला गेली होती. पावसाळ्यात येणं-जाणं बंद, त्यामुळे मधल्या काळातली काही खबर नव्हती. 'मामा दिसत नाही कुठे?' असं ती कुणाला तरी विचारणार, एवढ्यात सोनायने सुपावर हात नेला आणि मामाचं नाव घेतलं. त्या सुनेच्या हातातलं हळदीचं ताट खाली पडलं. सोनाय थांबली नाही. तिला थांबताच येत नव्हतं. त्या दिवशी मीही आईबरोबर त्या मांडवात होतो. ताट पडल्याचा तो आवाज आईच्या कानातून पुढे कधी गेला नाही.

कारण माझा बाप तेव्हा नाहीसा झालेला होता. मीठ भरलेला पडाव, म्हणजे मोठी होडी, घेऊन तो आणि ती हाकणारा तांडेल वसईकडे निघाले आणि वादळात सापडले. पडावाची एक फळी घोडबंदरच्या काठाला लागली. दोन दिवसांनी तांडेलही लागला. बाप लागला नाही. दमणला त्याच्यासारखा माणूस पाहिला असं कुणीतरी कुणालातरी सांगितलं, आणि आईने ते शब्द पदराच्या गाठीला बांधून ठेवले. तिने बांगड्या उतरवल्या नाहीत. बायका कुजबुजत, काका खाकरे, पण आईसमोर बोलायची कुणाची छाती झाली नाही. घरात त्यानंतर लग्नकार्य निघालं नव्हतं, म्हणून प्रश्न ढकलला जात होता. तो माझ्याच लग्नाला येऊन उभा राहिला.

मुलगी माजिवड्याची. हळदीच्या आदल्या दिवशी व्याही आला आणि ओटीवर टेकायच्या आधीच बोलला, "पोऱ्याच्या बापासला बोलवा. त्याचा बोलावना झाला नाय तर तो माजे पोरीच्या मानेवर बसंल. मंग मी पोर देनार नाय." काका खाकरून म्हणाला, "बोलवू ना. बोलवायला पायजेच." आई दाराआडून ऐकत होती. नाव घेतलं तर तिच्या बांगड्या फुटणार, आणि तिच्या लेखी दमणला कुठेतरी जिवंत असलेला नवरा आम्हीच मारून टाकणार. नाव नाही घेतलं तर माझं लग्न मोडणार. आई टोपलीत दोन ताजे बोईट मासे घालून सोनायच्या झोपडीकडे गेली आणि थोड्या वेळाने बोईट तसेच घेऊन परत आली. "काय म्हनली?" मी विचारलं. आई म्हणाली, "माज्या तोंडाला लाच दाखवू नको बोलली." एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी अंगभर हळद लावून पाटावर बसलो होतो. भीती म्हणजे काय ते मला विचारा. मला पळता येत नव्हतं, कान झाकता येत नव्हते. सोनायने सूप पुढे ओढलं. गावदेवी आली, वेताळ आला. पणजा, आजा, आजी, लहानपणी गेलेली आत्या. चिमूट, नाव, चिमूट, नाव. आता बापाची पाळी. व्याही पुढे सरकून बसला. आई दारात उभी होती. बांगड्या वाजू नयेत म्हणून तिने दोन्ही हात छातीशी आवळून धरले होते. सोनायने तांदूळ उचलले. सुपावर आलेला तिचा हात क्षणभर तिथेच राहिला, आवाज मात्र तुटला नाही. मग तिने तो हात उचलून दाराकडे झटकला.

"ये रे डावऱ्या, पोऱ्याला हलद लागली,
मांडवाच्या दारी तुजी वाट पायली!"

तांदूळ आईच्या पायांवर पडले. व्याही काकाकडे बघत राहिला, काका खाकरायचंसुद्धा विसरला. बोलावणं झालं नाही असं म्हणता येत नव्हतं, सगळ्यांनी कानांनी ऐकलं होतं. पण मेलेल्याला बोलावलं असंही म्हणता येत नव्हतं. धवला थांबवून विचारायची सोय नव्हती. सोनाय तर पुढच्या पाहुण्यावर गेलीसुद्धा. शेवटी व्याही हळूच म्हणाला, "बोलावला तर हाय." तेव्हा दारात बांगड्या वाजल्या. आईचे हात सुटले होते.

भीती काही तेवढ्याने गेली नाही. बायकोच्या पहिल्या बाळंतपणात मी दाराशी बसून बापाची मनधरणी करत होतो, की बाबा, तू जिथे असशील तिथे, जसा असशील तसा, हिच्या वाटेला जाऊ नको. नीट पार पडलं. पुढे मी मास्तर झालो. आई म्हातारी झाली आणि हिरव्या बांगड्यांसकट गेली. सरणावर त्या उतरवाव्यात की नाही याचा काकाने विषय काढला होता. सोनाय काठी टेकत आली आणि म्हणाली, "हात नको लावू रे खाकऱ्या."

माझ्या थोरल्या मुलीच्या हळदीला सोनायला आम्ही हाताला धरून आणली. डोळे गेले होते, आवाज तेवढा शाबूत होता. गावदेवी, वेताळ, आजा, आजी. मग माझ्या आईचं नाव. चांगुणा. तिच्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकत होतो. एक चिमूट सुपात पडली, आणि पाठोपाठ श्वासही न घेता तिने म्हटलं, जोमा. दुसरी चिमूट पहिलीच्या अंगावर पडली. बापाला जाऊन एक पिढी लोटली होती, पण माझा बाप त्या दुपारी गेला. मी मुलीच्या मांडवात सगळ्या पाहुण्यांदेखत रडलो.

धवला आटोपल्यावर मी तिच्याजवळ बसलो. विचारलं, "सोनाय, तुला तेव्हाच ठाऊक होतं?"

"त्यात ठावं काय असायचा?" ती म्हणाली. "पडाव फुटला, मानूस आला नाय. सगल्या गावाला ठावं होता. तुजे आयशीला ठावं नव्हता. मंग मी कोन सांगनारी?" थोडा वेळ ती सुपातले तांदूळ चाचपत राहिली. "पन मना लय भ्या वाटायचा रे. दर लग्नाला जोमा नाव तोंडाशी यायचा. दातांखाली धरून बसायची. येखाद्या दिशी सुटला नि त्या बाईच्या कानाव पडला तर काय, या भ्यानं मी कवा पोटभर गायली नाय."

आम्ही तिला भीत होतो आणि ती स्वतःच्या तोंडाला भीत होती. हे कळलं आणि मला तिच्याबद्दल फार माया वाटली. तिने माझा खांदा चाचपला, उठायला आधार घेतला आणि म्हणाली, "चल रे शालेकऱ्या, घरी सोड मना."

त्या पावसाळ्यात ती गेली. आता मला 'शालेकऱ्या' म्हणणारं कुणी उरलेलं नाही. शाळेत, गावात, पाहुण्यांत सगळे मला नावाने हाक मारतात, आणि अजूनही दर हाकेला माझ्या छातीत धस्स होतं.