पाच आकडे आणि एक विडा

तिन न्युन टेलिफोनवर बोलू लागली की टेकडीवरच्या पॅगोडावरची कबुतरं उडतात, असं गल्लीत म्हणत. म्हणणारा मुख्यतः ऊ छो. त्याचं चहाचं दुकान तिच्या टेबलाला इतकं खेटून होतं, की त्याच्या बुटक्या स्टुलावर बसणाऱ्याला चहाबरोबर लोकांचे टेलिफोन फुकट ऐकायला मिळत.

टेबल चिंचेखाली होतं. त्यावर दोन टेलिफोन, एक पिवळा, एक काळा. मागच्या तिच्या घराच्या खिडकीतून आलेल्या वायरींच्या टोकाला बांधल्यासारखे. शेजारी एक गजराचं घड्याळ आणि एक पितळी घंटा. मोलमीन गावात घरात टेलिफोन असणं ही तेव्हा बड्यांची गोष्ट. बाकी सगळ्या गल्लीचा टेलिफोन म्हणजे तिन न्युन. कुणाचा नवरा थायलंडात कोळंबी सोलायला गेलेला, कुणाचा भाऊ मलेशियात. टेलिफोन आला की ती घंटा बडवायची. एक टोला शिंपिणीचा, दोन टोले मा थीडाचे, तीन टोले मोहिंगा, म्हणजे माशाच्या रश्श्यातल्या शेवया, विकणाऱ्या म्हातारीचे. माणूस घरी नसला तर निरोप घ्यायची, तोही कागदावर नाही, तोंडपाठ. संध्याकाळी दारात जाऊन असा म्हणून दाखवायची, की कुठे हुंदका होता आणि कुठे नुसतं सर्दीचं नाक होतं, तेही कळायचं. सगळी गल्ली तिला अदॉ म्हणायची, म्हणजे मावशी.

तिची एक रीत होती. लाइन खराब, वाक्याचं शेपूट वाटेतच गळून पडायचं. म्हणून पलीकडचा बोलेल ते ती मोठ्यानं परत म्हणायची. "बरं. सुकी मासळी पोचली. डोळ्याचं ऑपरेशन सोमवारी. सासूला सांगायचं नाही." वीस वर्षांत ही सवय जिभेला अशी चिकटली, की स्वतःच्या बहिणीशी बोलतानासुद्धा ती आधी बहिणीचं वाक्य म्हणायची आणि मग आपलं. सासूला न सांगायच्या गोष्टी सासूला कशा कळतात, याचं तिला दरवेळी नवल वाटायचं.

तिची एकुलती एक मुलगी युझना सिंगापुरात होती. एका म्हातारीला सांभाळायला राहिलेली, दोन वर्षांच्या करारावर. आधी दर पंधरा दिवसांनी तिचा टेलिफोन यायचा. मग अचानक बंद झाला. टेलिफोनचं कार्ड महाग पडतं, आता ईमेल करीन, असं तिनं कळवलं. तेही ईमेलनंच.

ईमेलचं दुकान समोरच, को झेयाचं. दोन संगणक आणि एक पंखा. पत्र आपल्याच भाषेत यायचं, पण अक्षरं इंग्रजी. कारण त्या यंत्राला आपली गोल अक्षरं येत नसत. तिन न्युन चार इयत्ता शिकलेली होती, पण गोल अक्षरांच्या. तेव्हा पत्र को झेया वाचून दाखवायचा, आणि तो वाचू लागला की ऊ छोची गिऱ्हाइकं कप घेऊन दारात उभी राहायची. पाच महिने असेच गेले. पाच महिन्यांत तिनं मुलीचा आवाज ऐकला नव्हता. दिवसातून दहादा ती काळा टेलिफोन उचलून कानाला लावायची, आतली घूं घूं ऐकायची आणि परत ठेवायची.

"लाइन मेली असेल म्हणून बघतेय," ती म्हणायची.

"लाइन जिवंत आहे," ऊ छो म्हणायचा. "तूच मारशील तिला बघून बघून."

सोमवारी पत्र आलं. को झेयानं ते नेहमीसारखं, बाजारभाव सांगावेत तसं वाचलं. पोर आईला आमे म्हणायची.

"आमे, मी बरी आहे. जेवण चांगलं आहे. शुक्रवारी आणखी दोन वर्षांच्या कागदावर सही करायची आहे. आमे म्हणेल तसं करीन. तब्येतीला जप."

"ते 'आमे म्हणेल तसं' पुन्हा वाच."

त्यानं वाचलं.

"असं नाही. तिनं कसं म्हटलं असेल, तसं वाच."

"अदॉ, ही अक्षरं आहेत. यांना गळा नसतो."

दारातून ऊ छो म्हणाला, "एवढा काय विचार करतेस? सही कर म्हणून सांग. दोन वर्षांत घराला वरचा मजला चढेल." शिंपीण म्हणाली, "माझी पोर असती तर मी आधी सही केली असती, मग वाचलं असतं." सगळे हसले. तिन न्युनही हसली. मुलगी तिकडे कशी रमली आहे, हे गल्लीला तीच पाच महिने सांगत आली होती; आता वेगळं काय बोलणार?

"लिही," ती म्हणाली. "सही कर. आमे खूश आहे."

को झेयानं टकटक केलं.

"गेलं?"

"गेलं."

"परत बोलावता येतं?"

"नाही, अदॉ."

"टेलिफोनवर निदान मधे खोकता तरी येतं," असं पुटपुटत ती रस्ता ओलांडून टेबलाशी आली. पण बसवेना. घंटा पुसली, पुसलेली घंटा परत पुसली. गजराचं घड्याळ दोनदा चावी देऊन इतकं आवळलं, की ते बंदच पडलं. मुलीनं विचारलं होतं, आणि आपण उत्तर दिलं होतं. मग बसवत का नाही?

मंगळवारी सकाळी मा थीडाचा टेलिफोन आला. तिचा नवरा थायलंडात. मा थीडा भिंतीकडे तोंड करून, रिसीव्हर तळव्यात झाकून बोलत होती, आणि मागे कान लावून उभी तिन न्युन, नवऱ्याच्या ओरडण्यातलं कानावर पडेल ते सवयीनं म्हणत होती, "बरं. मालकानं पासपोर्ट ठेवून घेतला. म्हणजे पुढच्या महिन्यात..."

मा थीडानं रिसीव्हर छातीशी धरला आणि मागे वळली.

"अदॉ, तुम्ही बोलू नका ना."

"अगं, लाइन खराब आहे, मी तुझ्यासाठीच..."

"माझ्या कानात येतं ते मला पुरतं. तुम्ही बोललात की ते ऊ छोच्या किटलीत जातं, आणि दुपारपर्यंत अख्ख्या बाजारात ओतलं जातं. युझनाचं नाही का ओतलं?"

"युझनाचं काय ओतलं?"

"तुम्हाला खरंच आठवत नाही?" मा थीडा म्हणाली, आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

आठवलं. पाच महिन्यांपूर्वीचा तो शेवटचा टेलिफोन. युझना हळू आवाजात बोलत होती, लाइन खरखरत होती, आणि तिन न्युन खणखणीत आवाजात म्हणत होती, "रडतेस? काय म्हणतेस, राहवत नाही? घरी यायचंय?" मागे ऊ छोच्या दुकानात कुणीतरी म्हणालं होतं, "दीड वर्षात दमली वाटतं राजकन्या." आणि हशा. मग तिन न्युननं गल्लीची समजूत काढायला आणखी मोठ्यानं म्हटलं होतं, "छे छे, थट्टा करतेय. रमलीय ती." हे सगळं पोरीनं तिकडे, कानाला टेलिफोन लावून, ऐकलं होतं.

कार्ड महाग नव्हतं. आई महाग पडली होती.

आणि ईमेल तरी काय? तेही चावडीवरच वाचलं जातं, हे पोरीला ठाऊक होतं. म्हणून तर त्यात नुसतं जेवण आणि तब्येत. विचारायचं ते 'आमे म्हणेल तसं' यात दडवून विचारलं होतं, आणि आपण सगळ्या गल्लीचा सल्ला घेऊन उत्तर पाठवलं. शुक्रवारी ती सही करणार.

बुधवारी ती पॅगोडावर चढली. युझना बुधवारी दुपारनंतर जन्मलेली, म्हणजे राहूची पोर. पॅगोडावर दर जन्मवाराला एक कोपरा आणि एक प्राणी; तेव्हा बिनसुळ्यांच्या हत्तीच्या कोपऱ्यात तिच्या नावानं पाणी घालायचं. तिनं वयाइतके तेवीस पेले ओतले आणि मोजणी चुकली असं वाटून परत तेवीस ओतले. मग कठड्याशी जाऊन उभी राहिली. खाली नदी, नदीवर धक्का, धक्क्यावर एक लाल छत्री. त्या छत्रीखाली दॉ पूचं टेलिफोनचं टेबल. दॉ पू तिची वीस वर्षांची वैरीण. दोघींनी एकमेकींची किती गिऱ्हाइकं पळवली याला गणती नाही. त्या टेबलाचा नंबर तिन न्युनला पाठ होता. गावातला कुठला नंबर तिला पाठ नव्हता?

उतरताना तिची एक चप्पल तुटली. तशीच अनवाणी ती को झेयाच्या दुकानात शिरली.

"ते पत्राचं पान उघड आणि तू तोंड तिकडे कर."

"अदॉ, तुम्हाला अक्षरं..."

"आकडे येतात. आकड्यांवरच तुझ्या वयाची वर्षं काढलीत मी."

एका बोटानं तिनं पाच आकडे दाबले. मग जागा सोडून उद्याची तारीख. मग दोन. वाजायचे दोन, इथल्या घड्याळाचे; तेव्हा तिकडे ती म्हातारी दुपारची झोपलेली असते, हे पूर्वीच्या एका टेलिफोनवरून तिला माहीत होतं.

को झेयानं हळूच बघितलं. "हा तुमचा नंबर नाही, अदॉ."

"माझा कोण म्हणालं? तू पाठव."

टेलिफोनच्या टेबलाखाली वाढलेली पोर होती. आकडे बघून तिला कळेल, नाही कळणार, या घालमेलीत रात्र सरली.

गुरुवारी दुपारी तिनं घंटा ऊ छोच्या हवाली केली.

"कुठे निघालीस?"

"दाताला."

"कुठला दुखतोय?"

"जो दुखतोय तो."

धक्क्यावर दॉ पू तिला बघून सावरून बसली. "आज वाट चुकलीस?"

"मला टेलिफोन यायचाय."

"हलवायाच्या घरी विकतची मिठाई," दॉ पू खुदखुदत म्हणाली.

"वाजला की मला दे, आणि तू त्या होडीपाशी जाऊन बस."

"माझ्याच टेबलावरून मला उठवतेस?"

"मी तुझ्या जागी असते तर उठले नसते. म्हणून तर सांगतेय."

दॉ पूनं तिच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि पुढे थट्टा केली नाही. तिन न्युननं शेजारच्या टपरीवरून विड्याचं पान घेतलं, सगळ्यांत मोठं, आणि अख्खं गालात कोंबलं. जिभेचा भरवसा नव्हता.

दोन वाजले. दोन वाजून पाच. होड्या आल्या, गेल्या. तिन न्युन स्टुलावरून तीनदा उठली. दोन वाजून दहा मिनिटांनी टेलिफोन वाजला. दॉ पूनं उचलला, ऐकला, तिच्या हातात दिला आणि खरंच उठून होडीकडे गेली.

"आमे? काय झालं? कुणी गेलं का?"

"अंहं."

"मग हा धक्क्यावरचा नंबर का? तिथे ऊ छो नाही?"

"अंहं."

"कोणीच नाही?"

"अंहं."

मग पोर बोलू लागली. "आमे, मला सही करायची नाही. म्हातारी वाईट नाही. मारत नाही, उपाशी ठेवत नाही. तिला ऐकू येत नाही, आमे. तिचा मुलगा सकाळी जातो, रात्री येतो. घरात दिवसभर कुणी तोंड उघडत नाही. परवा भाजीवाल्यानं काही विचारलं, तर माझा आवाजच फुटेना. तो मला मुकी समजला. मी तुला हेच सांगत होते तेव्हा. आणि तू ते मोठ्यानं म्हटलंस, आणि सगळे हसले."

प्रत्येक वाक्य तिन न्युनच्या जिभेवर चढत होतं आणि ती ते विड्याखाली दाबत होती. तिचे डोळे वाहत होते, गाल फुगले होते. होडीतला एक नावाडी तिच्याकडे बघून दातदुखीच असणार असं समजला.

"आमे? आमे, आहेस ना? लाइन गेली का?"

तिनं विडा थुंकला.

"आहे." आणि मग हळूच, ओठ रिसीव्हरला टेकवून, "सही करू नकोस."

"काय? ऐकू नाही आलं. सही कर म्हणालीस?"

"नको म्हटलं," ती कुजबुजली.

"शेवटचं तुटतंय, आमे. ईमेलमध्ये लिहिलंस तेच ना? करते मग."

तिन न्युन उभी राहिली. स्टूल मागे कलंडलं. वीस वर्षं ज्या आवाजानं कबुतरं उडवली, तो आवाज तिनं पोटातून काढला.

"सही करू नकोस. घरी ये. वरचा मजला गेला खड्ड्यात. तू घरी ये."

धक्का थांबला. हमाल पोत्याखाली वाकले होते तसेच राहिले. दॉ पू होडीपाशी उभी राहून बघू लागली.

पलीकडे श्वास ऐकू आला. मग पोर, अगदी आईच्या चालीत, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "बरं. सही करू नको. वरचा मजला खड्ड्यात. घरी ये." आणि हसली की रडली, ते मात्र खरखरीत कळलं नाही.

ती गल्लीत पोचली तेव्हा बातमी तिच्या आधी पोचली होती.

"दात निघाला?" ऊ छोनं विचारलं.

"निघाला."

"युझना येतेय म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"धक्क्यावरचा सायकलरिक्षावाला आत्ताच चहा पिऊन गेला. वरचा मजला..."

"सगळं ठाऊक आहे, तर मला कशाला विचारतोस?" ती म्हणाली, आणि काळ्या टेलिफोनची वायर खिडकीतून मागे ओढू लागली. टेलिफोन तिनं घरात नेला, देवळीखाली ठेवला, समोर एक स्टूल ठेवलं आणि दाराला आपली जुनी लुंगी पडद्यासारखी अडकवली.

संध्याकाळी त्यावरच मा थीडाचा टेलिफोन आला. तिन न्युननं दोन टोले दिले, तिला पडद्याआड पाठवलं आणि स्वतः ऊ छोच्या स्टुलावर येऊन बसली. बसली म्हणजे काय, टेकली; पाय हलत होते, बोटं घंटेशी चाळा करत होती, ओठ हलू बघत होते.

ऊ छो किटली घेऊन वाकला. "काय म्हणतोय तिचा नवरा?"

"मला काय माहीत?" तिन न्युन म्हणाली. "चहा ओत."