पलंगाची गाडी

उस्तादांना राग यायला एरवी कारण लागत नसे, पण त्या दिवशी कारण होतं. लेकीनं खुंटीवरून व्हॅनच्या किल्ल्या काढल्या, पर्समध्ये टाकल्या आणि चेन ओढून घेतली.

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना, बाबा? इंजिन असलेलं काहीही चालवायचं नाही."

"डॉक्टरला गाडीतलं काय कळतं?"

"गाडीतलं नाही कळत. डोळ्यातलं कळतं."

उस्तादांनी टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं आणि सगळ्यात बारीक टायपातली जाहिरात चष्म्याशिवाय खडाखडा वाचून दाखवली. कुणाला तरी जुनं कपडे धुण्याचं मशीन विकायचं होतं. लेकीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"काचबिंदूत समोरचं दिसतंच, बाबा. कडेचं जातं. आणि गेलंय हे आपलं आपल्याला कळत नाही, तीच तर पंचाईत आहे."

ती खाली गेली. व्हॅनचा गिअर टाकताना झालेली खरखर वरपर्यंत ऐकू आली आणि उस्तादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यांचं सगळं आयुष्य फर्निचर पोचवण्यात गेलं होतं. जिथं सायकलवालाही विचार करून शिरेल अशा बोळात ते टेम्पो उलटा घालत, आणि तेही मागं कुणी 'येऊ द्या, येऊ द्या' करत नसताना. गोदामातल्या हमालांनी म्हणून त्यांना उस्ताद म्हणायला सुरुवात केली आणि पुढं बायको-लेक सोडून सगळे तेच म्हणू लागले. गाडीला कधी साधा ओरखडा नाही. निवृत्त झाल्यावर घेतलेली ही छोटी व्हॅन ते रोज पुसत, कुठं जायचं नसलं तरी.

पुढचे काही दिवस त्यांनी जेवायला सोडून तोंड उघडलं नाही. घरात नुसती आदळआपट. मग एका सकाळी आतल्या खोलीतून ठोकाठोकी ऐकू आली म्हणून बायको डोकावली, तर उस्ताद लेकीचा पलंग भिंतीला टेकवून त्याचे बोल्ट काढत होते. लेक लग्न होऊन गेली होती, तरी खोली तिचीच होती आणि आली की ती त्याच पलंगावर झोपायची. गोदामात आलेल्या मालातून सगळ्यात पक्क्या लाकडाचा म्हणून उस्तादांनी स्वतः निवडून आणलेला पलंग.

"अहो, हे काय मांडलंय?"

"इंजिन नसलेलं चालवायला बंदी नाही ना? गाडी करतोय. लाकडाची."

"पण पलंग तिचा आहे."

"आणि व्हॅन कुणाची होती?"

बायकोला यावर बोलायचं बरंच होतं. पण दूध उतू जात होतं, ती गेली.

इमारतीच्या मागं, पाण्याच्या टाकीशेजारी काम सुरू झालं. तळमजल्यावरच्या सुतारानं करवत आणि ड्रिल दिलं. "पोरं उतारावरून सोडतात तसली गो-कार्ट करताय होय, उस्ताद? या वयात?" एवढंच तो म्हणाला, पण उस्तादांनी त्याच्याकडं असं पाहिलं की पुढचा प्रश्न त्यानं गिळला.

पलंगाच्या दोन लांब बाजू म्हणजे सांगाड्याचे दोन दांडे. डोक्याकडची फळी कापून तिचे आडवे तुकडे मध्ये. खिळे नाहीत, सगळीकडं बोल्ट, कारण धक्के बसले की खिळा सुटतो. पुढं एक वेगळा आडवा दांडा, मधोमध एकाच जाड बोल्टवर फिरेल असा. त्याच्या दोन टोकांना दोरी बांधली की तेच गाडीचं स्टिअरिंग. माल वाहायच्या मोडक्या ट्रॉलीची चाकं मिळाली. मागच्या चाकाला घासेल असा लाकडी ब्रेक केला, त्यावर टायरचा तुकडा ठोकला.

कापताना करवत रेघ सोडून डावीकडं जायची. "तुझ्या करवतीला ओढ आहे," उस्ताद सुतारावर खेकसले. सुतारानं तीच करवत घेऊन रेघेवरून सरळ काप काढला आणि ती परत दिली. त्या दिवशी उस्तादांनी दुपारचा चहा घेतला नाही.

सांगाडा जोडून झाल्यावर त्यांनी एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली, मग दुसरीकडून. एक अंतर बोटभर जास्त भरलं. म्हणजे चौकट तिरकी, गाडी एका बाजूला पळणार. दात-ओठ खात त्यांनी सगळे बोल्ट सैल केले, चौकट ठोकून सरळ केली, आणि पुन्हा आवळायला घेतलं. "कडेचं दिसत नाही म्हणे." पान्याचा एक फेरा. "कळत नाही म्हणे." आणखी एक. बोल्ट असे आवळले गेले की ते पुन्हा उघडायला पैलवान लागला असता.

रविवारी मागच्या गोदामांचा रस्ता रिकामा असतो. उतार चांगला आहे, खाली वळण. उस्तादांनी बायकोला वळणावर उभं केलं, कुणी येत असेल तर हात करायला.

"लोक बघतील," ती म्हणाली.

"बघू देत."

ते बसले, पाय आडव्या दांड्यावर टेकवले, दोरी हातात घेतली आणि ब्रेक सोडला. चाकं खडखडत निघाली. गाडी सरळ धावली, जराही ओढली नाही. वारा कानात शिरला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा उस्तादांच्या कपाळावरची आठी गेली. वळण आलं. त्यांनी डावी दोरी खेचली, गाडी आज्ञेत असल्यासारखी वळली, आणि धाडकन कशावर तरी आदळून आडवी झाली.

कोपर सोलवटलं होतं. ते उठून बसले तेव्हा बायको रस्त्यावर पडली होती, एक चप्पल लांब उडालेली, आणि घोटा दोन्ही हातांनी धरलेला.

"मध्ये कशाला आलीस तू?" ते ओरडले. "अक्कल आहे का? चालत्या गाडीच्या मध्ये येतं का कुणी?"

तिचे ओठ पांढरे पडले होते, पण आवाज शांत होता.

"मी मध्ये नाही आले. तुम्ही उभं केलंत तिथंच होते. पलीकडून टेम्पो येतोय म्हणून दोन्ही हात हलवत होते. तुम्ही माझ्याकडंच येत होता."

टेम्पोवाला उतरून धावत आला होता. "काका, मी हॉर्नवर हॉर्न दिला," तो म्हणाला. "बाई तर समोर उभ्या होत्या."

उस्तादांनी त्या जागेकडं पाहिलं. झाड नाही, खांब नाही, आड काहीच नाही. ओरडायला तोंड उघडलं होतं, पण कुणावर ओरडायचं ते सापडेना. ते बायकोजवळ खाली बसले.

"दिसली नाहीस गं," ते म्हणाले.

लेक व्हॅन घेऊन आली. दवाखान्यात प्लास्टर ओलं असतानाच बायकोनं लेकीला सांगायला सुरुवात केली की जिन्यात पाय घसरला.

"खोटं बोलू नकोस," उस्ताद बायकोला म्हणाले आणि लेकीकडं वळले. "मी घातली गाडी हिच्या अंगावर. कसली गाडी ते घरी गेल्यावर बघ."

लेकीनं आधी रिकामी खोली पाहिली, मग टाकीशेजारचा सांगाडा. लाकूड तिनं लगेच ओळखलं. लहानपणी चिकटवलेल्या एका चित्राचा अर्धा तुकडा दांड्यावर अजून होता.

"माझा पलंग तोडलात," ती म्हणाली. "राग माझ्यावर होता तर मला बोलायचं होतं. आईचं हाड मोडलंत." ती ओरडली नाही. ओरडली असती तर उस्तादांना सोपं गेलं असतं. महिनाभर तिनं आईला रोज फोन केला आणि बाबांना द्यायला एकदाही सांगितलं नाही. पुढं बोलू लागली, पण मुक्कामाला आली की बैठकीतल्या सोफ्यावर झोपते. उस्तादांनी नवा पलंग घ्यायचं काढलं तर "नको" म्हणते. तेवढं राहिलंच.

सांगाडा सुतारानं मागितला आणि नेला. उस्ताद डोळ्यांत थेंब घालतात आणि रोज डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडतात.

घोटा बरा झाल्यावर बायकोनं लेकीला सांगितलं, "मला शिकव गाडी." उस्ताद दाराआडून म्हणाले, "हिला नाही जमायचं." दोघींनी मान वळवली नाही.

व्हॅन परत आली, आता ती बायको चालवते. उस्ताद शेजारी बसतात आणि घर सोडल्यापासून पोचेपर्यंत त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू असतो. क्लच जाळशील, अंतर ठेव, एवढ्या गॅपमधून ट्रक जाईल. ती एका कानानं ऐकते. चौकात मात्र थांबून विचारते, "तुमच्या बाजूनं कुणी येतंय का?"

"मला काय विचारतेस?" उस्ताद डाफरतात. "कडेचं दिसत नाही मला. तूच बघ वाकून."