शेजारच्या फ्रिजमधलं इन्सुलिन

आज फ्रिज बिघडला. माझं इन्सुलिन समोरच्या फ्लॅटमध्ये ठेवायला दिलं आणि सक्करदऱ्याची आमची जुनी गल्ली आठवली.

सत्तरच्या दशकात अख्ख्या गल्लीत एकच फ्रिज होता, शेजारच्या काकूंचा. बाबांची इन्सुलिनची बाटली तिथेच असायची. सकाळी बाबा ती आणायला गेले की काकू आधी आदल्या दिवसाचं खाणं विचारायच्या.

"भाऊजी, काल लग्नात जिलेब्या खाल्ल्या न? पहिले खरं सांगा, मंग बाटली देते."

"दोनच खाल्ल्या, वहिनी."

आईपासून लपवलेलं बाबा तिथे मुकाट कबूल करायचे.

आज संध्याकाळी मी माझी बाटली परत आणायला गेले. शेजारीण छान हसली, बाटली दिली, दार लावून घेतलं.

दुपारी मी संत्रा बर्फीचे तीन तुकडे खाल्ले होते. कोणी विचारलंच नाही.

तुम्हाला विचारणारं आहे का कोणी?