एका टाळीसाठी घालवलेली मराठी मिस्सा

बंगळूरमधली आमची महिन्यातून एकदा होणारी मराठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मराठीतली उपासना, मी बंद पाडली. कुणी कट केला नाही, कुणी भांडलं नाही. तीन मिनिटं मिळाली होती, तेवढ्यात मी ते काम उरकलं.

तिसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आम्ही वीसेक माणसं जमत असू. वसईची, बेळगावकडची. इथे शिकायला आलेले एक मराठी फादर मिस्सा म्हणत. माझी आई ब्याऐंशी वर्षांची. बाबा गेल्यावर मी तिला वसईहून एचएसआर लेआउटमधल्या फ्लॅटमध्ये आणलं. महिनाभर ती त्या एका रविवारची वाट बघायची, कारण त्या दिवशी फादरांचं बोलणं तिला कळायचं आणि तिचं फादरांना.

मग रोमहून निरोप आला, की चर्चने आधी लोकांचं ऐकावं. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे या चर्चला येणाऱ्या सगळ्यांची, बैठक ठरली. गोल खुर्च्या, प्रत्येकाला तीन मिनिटं, मध्ये कुणी बोलायचं नाही. मराठी लोकांनी मला पाठवलं. मागणी एकच: फादर शिक्षण संपवून निघालेत, दुसरे मिळवून द्या. आईने तर बजावलं होतं, "कागदावरचं वाच आणि खाली बस."

पण माझ्या आधी एक कन्नड अण्णा आणि एक तमिळ बाई बोलल्या. ईस्टरच्या रात्री बायबलमधला कुठला पाठ कुठल्या भाषेत वाचायचा, यावरून दोघांत अबोला होता. हवा अशी तापलेली, की मला वाटलं, आता समेट घडवणारा मीच. कागद खिशात घातला आणि उभा राहून म्हणालो, "देवाला कुठली आलीय भाषा? आपण सगळे एकाच मिस्सेला आलो तर?"

टाळ्या वाजवायच्या नाहीत असा नियम होता. तरी वाजल्या. तमिळ बाईंनी डोळे पुसले. टिपणं घेणाऱ्या मंगळूरच्या शिक्षिकाबाईंनी विचारलं, "म्हणजे मराठी लोक तयार आहेत?"

"आनंदाने!" मी म्हणालो.

खिशातल्या कागदाची आठवण झाली ती घरी शर्ट काढताना. आईने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "छान झालं."

पुढच्या तिसऱ्या रविवारी ती मोतिया साडी नेसून, प्रार्थनेचं पुस्तक घेऊन तीनलाच दारात उभी. सांगायचं धैर्य झालं नाही. गाडी काढली. हॉलमध्ये तरुण मंडळी गिटारवर गाणी बसवत होती. आई पंधरा मिनिटं दारात उभी राहिली. मग मी सगळं सांगितलं. तिने पुस्तक काखेत मारलं आणि ती गाडीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या मुख्य धर्मगुरूंकडे धावलो. त्यांनी शांतपणे टिपणाचा कागद पुढे केला. "सर, तुमचेच शब्द आहेत. कन्नडवाल्यांनी आपली मिस्सा सोडली नाही, तमिळांनी नाही. तुम्ही एकट्यांनीच सोडली. सगळ्यांना फार आवडलं." वर म्हणाले, "स्वल्प थांबा, पुढच्या वर्षी बघू." वीस माणसांसाठी पुढच्या वर्षी कोण काय बघतो, ते मलाही कळतं.

आता आई माझ्यासोबत सकाळच्या इंग्रजी मिस्सेला येते. सगळे उठले की उठते, बसले की बसते. प्रवचन चालू असताना तिच्या बोटांत माळ फिरत असते. पापनिवेदन करून तिला सात महिने झाले. "पापं मी मराठीत केली, ती इंग्रजीत कशी सांगू?" म्हणते. मी अक्कल पाजळली: "मी शेजारी बसून फादरांना सांगतो ना!"

"निम्मी तुझ्याच पायी झालीत," आई म्हणाली.

परवा तिला धाप लागली. डॉक्टर येऊन गेले, काही विशेष नाही म्हणाले. ती उशीला टेकून बसली. मग विचारलं, "मला पुरताना मराठीत प्रार्थना म्हणणारं कुणी मिळेल का रे इथे?"

खरं उत्तर मला ठाऊक होतं. तरी म्हणालो, "मी आहे ना. दोन शब्द मी बोलेन."

"तू मुळीच उभा राहू नकोस," आई म्हणाली. "कुणी टाळी वाजवली तर मला पुरायचं विसरशील."