मावशीच्या कोल्ड रूमचा भोंगा

तलासरीच्या ज्या वर्कशॉपमध्ये मी प्रोग्राम लिहायचे, तिथला मालक माणसांशी वागायचा तसाच यंत्रांशीही वागायचा. जुनं चालत होतं ना, मग नव्यानंही मुकाट चालावं. आम्ही मासळीच्या कोल्ड रूमला लावायची पेटी बनवायचो. आतला गारवा कमी झाला की भोंगा वाजवायचा, एवढंच तिचं काम. जुन्या पेटीत इंटेलचा बत्तीस बिटी प्रोसेसर होता. मालकानं स्वस्तातला एआरएम बोर्ड आणला आणि म्हणाला, "मॅडम, सगळं यावर चढवा."

नव्या पेटीचं पहिलं गिऱ्हाईक माझीच सख्खी मावशी. आगर गावात तिनं होतं नव्हतं ते घालून घरामागं कोल्ड रूम बांधली होती. पेटी माझ्या हातची म्हणून तिनं डोळे झाकून घेतली.

चढवणं म्हणजे फाइल उचलून ठेवणं, असं मालकाला वाटायचं. पण प्रोग्राम सगळी कामं स्वतःच्या पोटात घेऊन फिरत नाही. पुष्कळ कामं लायब्ररीच्या वेगळ्या फाइलींत असतात आणि सुरुवातीला लोडर त्या मेमरीत रिकामी जागा मिळेल तिथं बसवतो. त्यामुळे लायब्ररीतल्या कोडला ठरावीक पत्ता धरून चालत नाही. आपण उभे आहोत तिथून किती पुढं, किती मागं, असा हिशेब करावा लागतो, आमच्याकडे घराचा पत्ता "इथून दोन घरं सोडून" असा सांगतात तसा. जुन्या इंटेलला आपण कुठं उभे आहोत हे सरळ कळत नाही, आडवळणानं काढावं लागतं. एआरएम आधी मेमरीचं पान काढतो, मग पानावरची जागा. मालकाची लायब्ररी ठरावीक पत्त्यांवर बेतलेली होती. जुन्या पेटीत लोडर दर वेळी कोडमध्ये खाडाखोड करून वेळ मारून न्यायचा, नव्या बोर्डासाठी मात्र प्रोग्रामचे तुकडे जोडणाऱ्या लिंकरनं ती जोडायलाच नकार दिला. मालक सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडला. मी मनातल्या मनात त्याचा उद्धार केला आणि कुठंही बसवली तरी चालेल अशी लायब्ररी पुन्हा कंपाइल केली.

खरी मेख पुढं होती. पेटीत भोंगा वाजवणारं एक सर्किट कार्ड होतं, त्याची लायब्ररी आमची नव्हती, कार्ड बनवणाऱ्यांनी तयार दिली होती. माझ्या टेबलावर तिची नवी आवृत्ती होती, पण मावशीच्या पेटीत मालकानं घाईत जुनीच भरली. नाव तेच, फक्त जुनीत भोंगा वाजवायचं फंक्शन, म्हणजे ते काम करणारा कोडचा तुकडा, नव्हताच. एरवी हे कळतही नाही. बाहेरच्या फंक्शनांच्या पत्त्यांचा एक तक्ता असतो आणि त्यात खरा पत्ता भरला जातो तो त्या फंक्शनला पहिल्यांदा हाक मारली की. तोवर प्रोग्राम मजेत चालतो. मला हे पटत नव्हतं. मी सेटिंग लावली होती की सगळे पत्ते आधी शोध, एक जरी सापडला नाही तर सुरूच होऊ नकोस.

मावशीकडे पूजा झाली, नारळ फुटला, आणि पेटी सुरूच होईना. मी स्क्रीन पाहिली आणि सांगितलं, "भोंग्याचं फंक्शन नाहीये. नवी लायब्ररी टाकू, उद्या लावू."

"उद्या कशाला?" म्हणत मालकानं कीबोर्ड ओढला, माझी सेटिंग पुसली, आणि हिरवा दिवा लागला. मग त्यानं कार्डावरचं बटण दाबलं. भोंगा असा किंचाळला की बायका हसायला लागल्या.

"बटणाची तार थेट भोंग्याला जाते," मी ओरडले. "मध्ये प्रोग्राम येतच नाही!"

"मॅडम, उद्यापासून येऊ नका," मालक म्हणाला. लोकांनी पेढे खाल्ले.

मी हातापाया पडून मावशीला सांगितलं की ही पेटी ऐन वेळी मुकी राहणार. ती म्हणाली, "चारचौघांत माझं नाक कापलंस. दिवा हिरवा आहे, भोंगा वाजतोय. नोकरी गेली तर त्याचा राग माझ्या मासळीवर काढू नकोस."

मे महिन्यातल्या एका दुपारी कॉम्प्रेसर बंद पडला. मावशी भिंतीपलीकडे घरात झोपली होती. प्रोग्रामनं भोंग्याच्या फंक्शनला जन्मात पहिल्यांदा हाक मारली, ते सापडलं नाही आणि प्रोग्राम तिथंच मेला. हिरवा दिवा मात्र लागलेलाच राहिला, कारण तो विझवायलाही प्रोग्रामच लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तेव्हा पापलेट हाताला लिबलिबीत लागत होतं. वासानं मावशी अंगणात ओकली.

निरोप मिळताच मी धावत गेले. मालक आधीच येऊन बसला होता, हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून. "ताई, नवं मॉडेल देतो. सुरू होतानाच सगळं तपासून घेतं. माझी स्वतःची कल्पना आहे." माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. मावशीनं त्याला चहा दिला आणि नवी पेटी ठरवली.

तो गेल्यावर मी म्हणाले, "मावशी, ती माझी सेटिंग आहे. तुझ्यासमोर पुसली त्यानं."

"चूक झाली म्हणाला बिचारा," ती म्हणाली. "तुला काय, आनंदच झाला असेल."

रागानं माझे कान तापले, पण बोलायला तोंड उघडलं की तो वास आत येत होता. मी पदर नाकाला बांधला आणि सडलेली मासळी घमेल्यात भरायला लागले. ती ओट्यावर बसून पाहत राहिली.