भरलेली सिरिंज

अन्वर डॉक्टर रोज सकाळी एक औषध सिरिंजमध्ये भरून ठेवायचे आणि संध्याकाळी तसंच बेसिनमध्ये ओतून द्यायचे. कुणी हळहळलं तर म्हणायचे, "फेकायला मिळालं ना? मग दिवस चांगला गेला."

ते मूळचे कन्नड तालुक्यातले. सिडकोतल्या आमच्या दवाखान्यात भूल द्यायचे. माझं काम ऑपरेशन थिएटर पुसायचं. ते औषध म्हणजे ॲड्रिनलिन. भुलीत कुणाचं हृदय थांबलं तर द्यायचं. सिरिंजवरची चिठ्ठी ते माझ्याकडून मराठीत लिहून घ्यायचे. मी चौथी शिकलेली. नवी सिस्टर हसली तेव्हा म्हणाले, "हसू नका. घाईच्या वेळी शिकलेल्यांनाच आधी वाचता येत नाय. मावशींना आलं की सगळ्यांना येतं."

माझ्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशनच्या सकाळीही मी चिठ्ठी लिहिली, सिरिंजला चिकटवली आणि टेबलावर जाऊन झोपले.

"घाबरलात का, मावशी?"

"तुम्ही घाबरू नका म्हंजे झालं."

"लई बोलता. बोला, बोला."

पुढचं मला सिस्टरनं सांगितलं. दुर्बिणीसाठी पोटात हवा भरताच नाडी बसत गेली आणि थांबली. डॉक्टरांनी ती सिरिंज सलाईनच्या नळीत रिकामी केली आणि छाती दाबत राहिले. हृदय चालू झालं. डोकं चालेल की नाही, ते मी उठल्यावरच कळणार होतं.

डोळे उघडले तर डॉक्टर समोर उभे. हातात सिरिंज.

"मावशी, वाचा."

"ॲड्रिनलिन. अक्षर माझंच आहे. रिकामी का?"

डॉक्टर स्टुलावर बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना कामावर बसलेलं पाहिलं नव्हतं.

"छाती का दुखती?"

"दोन बरगड्या मोडल्या मी."

"एकीत भागत नव्हतं का?"

"नाय भागलं."

मागच्या वर्षी ते काम सोडून कन्नडला गेले. शेवटच्या संध्याकाळी भरलेली सिरिंज माझ्या हातात दिली. "आज तुम्ही फेका." मी ओतून दिली. शेवटचा थेंब पडेपर्यंत ते बघत उभे होते. मग "खुदा हाफिज, मावशी" म्हणून गेले.

नव्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या छापील असतात, इंग्रजी. मला वाचता येत नाहीत. संध्याकाळी सिरिंज भरलेली दिसली की मी घरी जाते.