फोनवरची बाई पडद्यावर

नेदरलँड्समधल्या टिलबर्गमध्ये मी एका मालवाहतूक कंपनीत प्लॅनिंगचं काम करते. कुठला ट्रक कुठे भरायचा, कुठे रिकामा करायचा, ड्रायव्हरने कुठे थांबायचं, हे सगळं टेबलावर बसून, कानाला हेडसेट लावून ठरवायचं. मराठी बाईला हे काम कसं मिळालं, असं इथली मराठी मंडळीही विचारतात. त्याचं श्रेय अकरावी-बारावीला जातं. चिंचवडच्या ज्युनिअर कॉलेजात मार्क चांगले पडतात म्हणून संस्कृतऐवजी फ्रेंच घेतलं, ते आवडलं, मग पुढे हौसेने परीक्षा देत गेले. नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो तेव्हा या कंपनीला फ्रान्सच्या गाड्या सांभाळायला फ्रेंच येणारं माणूस हवं होतं. डच मी नंतर शिकले, ड्रायव्हरांकडूनच, त्यामुळे त्यात शिव्या जरा जास्त आहेत.

एका वसंतात आमच्या साहेबांनी सांगितलं की फ्रान्सहून एक मुलगी येणार आहे, सिनेमा करते, आठवडाभर तुझ्या शेजारी बसेल. मला वाटलं, कोणीतरी काळा चष्मा लावून येईल. आली ती ढगळ पुरुषी स्वेटर घातलेली, तिशीच्या आतली, सर्दी झालेली मुलगी. उत्तर फ्रान्समधल्या एका लहान गावात तिची आई शाळेची बस चालवायची. तिने दोन लघुपट केले होते आणि आता पहिला मोठा चित्रपट लिहीत होती, एका ट्रक चालवणाऱ्या बाईवर. त्या बाईशी रोज फोनवर बोलणारी एक प्लॅनर कथेत होती, आणि प्लॅनर नेमकं काय करते हे तिला बघायचं होतं.

ती काही लिहून घेत नव्हती की रेकॉर्ड करत नव्हती. माझ्या डब्यातली शंकरपाळी खात ऐकत बसायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिने विचारलं, "ड्रायव्हर बोलत असताना तुम्ही मध्येमध्ये एक आवाज काढता. 'हं.' तो फ्रेंच नाही. काय आहे तो?"

मला हसू आलं. आपण 'हं' म्हणतो हे आपल्याला कुठे माहीत असतं? मी म्हटलं, आमच्याकडे समोरचा बोलत असला की म्हणतात. म्हणजे ऐकतेय, पुढे सांग. तिने स्वतःशीच एकदा 'हं' म्हणून बघितलं. मग म्हणाली की कथेत तिने त्या प्लॅनरला पानंच्या पानं संवाद दिले आहेत, आणि त्यातली निम्मी तरी आता या एका आवाजासाठी काढून टाकणार आहे.

जेवणाच्या सुट्टीत ती तिच्या दोस्तांबद्दल सांगायची. फिल्म स्कूलमध्ये भेटलेली, सगळी पहिला किंवा दुसरा चित्रपट करण्याच्या धडपडीतली. कोणाचे आईवडील अल्जीरियाहून आलेले, कोणी बंदराच्या गावातलं, कोणी पॅरिसबाहेरच्या उंच इमारतींत वाढलेलं. एकाचा चित्रपट दुसरी संकलित करते, तिच्या चित्रपटात तिसरा आवाजाचं काम करतो. पहिल्या चित्रपटाला सरकारी मदत मिळते, पण त्यासाठी समितीपुढे बसून आपल्या कथेची बाजू मांडावी लागते, आणि तिला दोनदा नकार आला होता. आमच्यासारखी माणसं फ्रेंच पडद्यावर आली तर कामवाली किंवा गुन्हेगार म्हणून येतात, असं ती म्हणाली. आमच्या आया दिवसभर काय काम करतात ते कोणी दाखवतच नाही. हे ती तावातावाने नाही, पावाला लोणी लावता लावता सांगत होती. मला ती त्या दिवसापासून आवडायला लागली.

उन्हाळ्याच्या आधी तिचा फोन आला. प्लॅनरचं काम मीच करावं असं तिला वाटत होतं. मी नाही म्हटलं. शाळेत वक्तृत्व स्पर्धेत भाग घेतला होता, एवढाच माझा रंगभूमीशी संबंध. रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू रोज तेच तर करतेस. फक्त कोणीतरी बघत असेल." हे इतकं सोपं नव्हतं, पण मी तिला हो कळवलं.

तिच्या निर्मात्याला हे पसंत नव्हतं. तो पॅरिसचा, सभ्य, पन्नाशीचा माणूस. त्या भूमिकेसाठी त्याला नावाजलेली नटी हवी होती, कारण तिच्या नावावर चित्रपट विकता आला असता. दिग्दर्शिका अडून बसली. शेवटी ठरलं की तो स्वतः टिलबर्गला येऊन माझी चाचणी बघेल.

ती चाचणी शनिवारी आमच्याच ऑफिसात झाली, आणि माझी पार फजिती झाली. हातात कागद, समोर कॅमेरा. मी माझ्याच खुर्चीत बसून असं काही बोलले की 'अध्यक्षमहाशय, पूज्य गुरुजनवर्ग' एवढंच म्हणायचं बाकी राहिलं. निर्माता फार सभ्य होता. थोड्या वेळाने तो खाली मान घालून मोबाइल बघायला लागला. मला वाटलं, संपलं, आता घरी जाऊन वरणभात लावावा.

दिग्दर्शिका माझ्या खुर्चीपाशी उकिडवी बसली. माझ्या हातातला कागद काढून घेतला आणि हळूच म्हणाली, "आता संवाद नाहीत. एक फोन येईल. तुम्ही तुमचं काम करा."

ट्रक चालवणाऱ्या बाईचं काम करणारी नटीही नवीनच होती. त्याआधी तिने फक्त नाटकं केली होती, आणि या भूमिकेसाठी ती चक्क अवजड वाहन चालवायला शिकली होती, परवान्यासकट. दिग्दर्शिकेने तिला खाली आवारातल्या एका ट्रकमध्ये बसवलं होतं आणि काय बोलायचं ते तिच्या कानात सांगितलं होतं. मला काही माहीत नव्हतं.

फोन वाजला. पलीकडून इंजिनाचा आवाज, आणि रडणं. ती सांगत होती की आत्ता भावाचा फोन आला, आई गेली, मी वळवतेय गाडी, मला घरी जायचंय. तिच्या आवाजात असं काही होतं की समोरचा कॅमेरा, निर्माता, खिडकीपाशी उभी असलेली मंडळी, काही म्हणता काही मला दिसेनासं झालं. हमरस्त्यावर चाळीस टनांची गाडी आणि स्टिअरिंगमागे रडणारी बाई, एवढंच डोळ्यांपुढे उभं राहिलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं थांब. आधी गाडी बाजूला घे."

मराठीत. तिला ते कळण्याची काही शक्यता नव्हती. पण ती थांबली. मग मी फ्रेंचमध्ये सांगायला लागले. धोक्याचे दिवे लाव. उजवीकडे थांबायची जागा आहे का बघ. ब्रेक लावलास? आता इंजिन बंद कर. मी फोन ठेवत नाहीये. दुसरा ड्रायव्हर पाठवते, तो गाडी घेईल, तुला स्टेशनवर सोडेल. तोवर बोल. ती आईबद्दल बोलत राहिली, आणि मी नुसतं हं म्हणत राहिले.

संपलं तेव्हा निर्मात्याचा मोबाइल टेबलावर पालथा पडला होता. तो दिग्दर्शिकेला एवढंच म्हणाला, "हिलाच घे."

तेवढ्यात ती नटी जिना चढून वर आली. डोळे अजून ओले होते. तिने माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "ते पहिलं वाक्य कोणत्या भाषेतलं होतं?" मी सांगितलं. तिने ते पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं. 'अगं' तिला काही केल्या जमेना, 'आगा' व्हायचं. दिग्दर्शिकेने त्याच दिवशी ते वाक्य पटकथेत घातलं, आणि पडद्यावर त्याचा अर्थ द्यायचा नाही असंही तिथेच ठरवलं.

चित्रीकरण बहुतेक उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी झालं, उरलेल्या दिवसांसाठी मी रजा घेतली. सगळं युनिट एका व्हॅनमध्ये मावेल एवढं. नवरा पहिल्या दिवशी उत्सुकता म्हणून आला, आणि मग रोज मोठा डबा भरून दडपे पोहे घेऊन यायला लागला, कारण कॅमेरा सांभाळणाऱ्या मुलीने ते एकदा खाऊन दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या त्यांचीच चौकशी केली होती. दिग्दर्शिका कधी आवाज चढवायची नाही. पण तिला हवं ते मिळेपर्यंत ती हटायचीही नाही. आई गेल्याचा तो प्रसंग पुन्हा चित्रित करताना मला रडू आलं. मला वाटलं, उत्तम झालं. ती जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "तुम्ही रडू नका. तुम्ही रडलात तर प्रेक्षक मोकळे सुटतील." मी पुन्हा केलं. कोरड्या डोळ्यांनी करणं फार जड गेलं, आणि तेच चित्रपटात आहे.

पुढच्या वसंतात बातमी आली. फ्रान्समधल्या एका मोठ्या महोत्सवात, पहिल्या चित्रपटांच्या विभागात, आमचा चित्रपट निवडला गेला होता. मी ऑफिसात होते आणि दुसऱ्या लाइनवर एक ड्रायव्हर गोदामाचं फाटक उघडत नाही म्हणून ओरडत होता. त्याचं फाटक आधी उघडून दिलं, मग उठून उडी मारली.

नवरा आणि मी आगगाडीने गेलो. मी मोरपंखी पैठणी नेसले होते. चित्रपट संपला, दिवे लागले, आणि आख्खं सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. दिग्दर्शिकेची आई आमच्याच रांगेत होती, निळा कोट घातलेली, शाळेच्या बसवर बसत असेल तशीच ताठ बसलेली. लेकीकडे न बघता ती पडद्याकडेच बघत टाळ्या वाजवत होती. दोन दिवसांनी पहिल्या चित्रपटाचं पारितोषिक जाहीर झालं, आणि ते आमचं होतं. मंचावर दिग्दर्शिकेने भाषण केलं नाही. दोनदा नकार देणाऱ्या समितीबद्दलही बोलली नाही. युनिटमधल्या सगळ्यांना वर बोलावलं, मलाही, आणि शेवटी आईला. आई येईना. तेव्हा ती स्वतः खाली उतरली आणि पारितोषिक आईच्या मांडीवर ठेवून आली.

पण मला विचाराल तर खरा खेळ टिलबर्गचा. हिवाळ्यात इथे चित्रपट लागला तेव्हा दिग्दर्शिकेची एकच अट होती, ड्रायव्हरांना बोलवायचं. आमच्या कंपनीने शनिवारची दुपार ठरवली. रायस्वाइकहून, हूफडॉर्पहून मराठी मंडळी आली. आणि आवारात सुट्टीला थांबलेले ड्रायव्हर आले. पोलंडचे, रोमानियाचे, फ्रान्सचे, इथल्या ब्राबांतचे. यातल्या कित्येकांना मी वर्षानुवर्षं फक्त कानांनी ओळखत होते. दारात उभी राहून मी स्वागत करत होते, आणि माणसाने तोंड उघडताच कोण ते कळत होतं. जो फोनवर कायम करवादलेला असायचा तो निघाला लाजाळू, बुटका, हातात ट्युलिपचा गुच्छ. ज्याचा आवाज मला कोवळ्या पोराचा वाटायचा त्याची दाढी पांढरी होती.

"अगं थांब," असं पडद्यावर मी म्हटलं तेव्हा मराठी रांगांमधून एक हुंकार उठला. त्यांना अर्थ कळला होता. पण मागच्या रांगांतले ड्रायव्हरही त्याच क्षणी एकदम गप्प झाले, जणू खरोखर कोणी त्यांनाच थांबवलं असावं. मैत्रिणीचा मुलगा, जो घरी आईला डचमध्येच उत्तरं देतो, तो तिच्या कानाशी लागून म्हणाला, "आई, मला कळलं."

नंतर चर्चा होती. समीक्षक प्रश्न विचारतील म्हणून दिग्दर्शिका तयारीत होती. पहिला हात पांढऱ्या दाढीवाल्याने वर केला. त्याचं म्हणणं होतं की चित्रपटातली बाई ज्या गल्लीत गाडी वळवते तिथे ट्रेलर वळणं शक्य नाही. दुसरा म्हणाला, का नाही, मी वळवलाय. तिसऱ्याने त्याला विचारलं, कुठल्या ट्रेलरने? बघता बघता अर्धं सभागृह त्या वळणावर भांडायला लागलं, चार भाषांत, आणि ती नटी उठून हातवारे करत सांगायला लागली की तिने ते वळण स्वतः घेतलंय, दोन प्रयत्नांत. तेव्हा त्या सगळ्यांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. पांढऱ्या दाढीवाल्याने सगळ्यात जोरात.

दिग्दर्शिका मंचाच्या पायरीवर बसून हे बघत होती. तिचा दुसरा चित्रपट ठरला होता, आणि या वेळी निर्मात्याने आपण होऊन तिला फोन केला होता. तिच्या त्या दोस्तांपैकी दोघांचे चित्रपटही त्याच हिवाळ्यात पूर्ण झाले होते. नव्या कथेत माझ्यासारखी कोणी बाई नव्हती, आणि ते तिने मला सरळ सांगितलं. मी म्हटलं, बरंच झालं, माझ्या रजा संपल्यात. ती खळखळून हसली.

पुढच्या खेळाची माणसं बाहेर ताटकळत होती. थिएटरवाल्या बाईने दोनदा येऊन खुणावलं. कोणी उठायला तयार नव्हतं. शेवटी मीच उभी राहिले आणि कामावरच्या आवाजात डचमध्ये सांगितलं की सगळ्यांनी डाव्या दाराने बाहेर पडायचं आहे. ड्रायव्हर मुकाट्याने उठले, आणि भांडण तसंच चालू ठेवत, एकामागोमाग एक बाहेर पडले.